आणखी काही, मॅडम?

६ मार्च, गुरुवार

‘ह्यात मांस आहे का?’ — हे चार शब्द हॉटेलात बसल्यावर माझ्या तोंडातून का फुटत नाहीत?

घरी पोचेपर्यंत हाच विचार केला.

आज ऑफिसचं गुरुवारचं जेवण. दर गुरुवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं, आणि ज्याची पाळी असेल त्याने हॉटेल निवडायचं, असा आमच्याकडचा रिवाज. आज माझ्या शेजारच्या टेबलावरच्या झरझरची पाळी होती. (मी मनात तिला झरझर म्हणते. ती बोलत असते आणि धाप आपल्याला लागते.) मेनूकार्डावर ‘भरलेले टोमॅटो’ दिसले. टोमॅटो म्हणजे आपलाच! आत फार तर भात असेल, मटार असतील, असं धरून चालले आणि मागवले.

आत खिमा.

दोन टोमॅटो, वर टोपीसारखी झाकणं, आणि आत गच्च खिमा. मी झाकणं खाल्ली. मग पाव खाल्ला. मग पाणी प्यायले. मग पुन्हा पाणी.

“का गं, आवडलं नाही?” साहेबांनी विचारलं.

“पोट भरलं.” खोटं! पोटात नुसतं पाणी डुचमळत होतं.

“हिचं पोट म्हणजे चिमणीचं,” झरझर म्हणाली. सगळे हसले. वरून मीही हसले!

वेटरने प्लेट उचलताना आधी टोमॅटोंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. जणू मीच त्याचं काहीतरी चोरलं होतं.

घरी येऊन उभ्याउभ्याच पाव आणि कालचे बटाटे खाल्ले. आई बघत होती.

“ऑफिसात जेवण होतं ना आज?”

“होतं.”

“मग?”

“होतं, एवढंच.”

७ मार्च, शुक्रवार

आमचं ऑफिस म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं केंद्र. मी फोनवर असते. आज एका बाईंचा फोन आला — दुकानातून घेतलेल्या डब्यात भलतंच निघालं होतं.

“घेताना दुकानदाराला विचारलंत का?”

“कसंतरीच वाटतं हो विचारायला.”

“अहो, कसंतरी काय त्यात? विचारणं हा तुमचा हक्क आहे!” चांगलं ठणकावून सांगितलं. साहेब मागून जात होते, म्हणाले, “शाब्बास!”

फोन ठेवला आणि हसू आलं. थोड्या वेळाने हसूही येईना.

९ मार्च, रविवार

बाबांची आज सुट्टी. त्या नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात बाबा वेटर म्हणून लागले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या हातावर टॉवेल असतोच. दुपारी आई भांडी लावत होती आणि बाबांचं गिऱ्हाइकांच्या नकला करणं सुरू झालं.

“दोन नंबरच्या टेबलाला काल गवतवाली आली होती.”

मांस न खाणाऱ्यांना त्यांच्या हॉटेलात हेच म्हणतात. बाबांनी मान तिरकी केली, बोटाने हवेतलं मेनूकार्ड खालपासून वरपर्यंत तपासलं. “‘अहो, ह्यात अंडं आहे का? त्यात चरबी आहे का? तो चमचा कशाला लागला होता का?’ — मी म्हटलं, मनात हं, बाई, चमचाच चावा! तो अगदी शुद्ध आहे!”

आई हसता हसता खाली बसली. ह्या नकलांवर मी लहानपणापासून हसत आले आहे. आज अर्धं हसून झालं आणि थांबले. बाबांच्याही लक्षात आलं. टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, “तू वेगळी.”

“वेगळी कशी?”

“तू माझी.”



कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला वर्गाबरोबर कत्तलखाना बघायला गेले होते. त्या दिवसापासून मांस खाल्लं नाही. कुणाला उपदेश केला नाही, कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं नाही. फक्त माझ्या ताटात नको म्हटलं. पण आमच्या घरी हे ‘फक्त’ नव्हतं. आमच्याकडे मांस रविवारीच यायचं, आणि त्यातला सगळ्यात चांगला तुकडा माझा. “डोक्याने काम करणारीला,” आई म्हणायची. बाबांच्या वाट्याला मानेचा तुकडा. मी नको म्हटलं त्या दिवशी आईचा डाव हवेतच राहिला होता. “पदवी मिळायच्या आधीच माझ्या हातचं नको झालं?”

आजही तिने तो तुकडा डावात घेतला, डाव माझ्या ताटाकडे वळला, मग थांबला, आणि मग बाबांच्या ताटाकडे गेला. इतकी वर्षं झाली. आईला कळलंय, तिच्या हाताला अजून कळलेलं नाही.

घरात सध्या एकच विषय — कोट. बाबांच्या हॉटेलात दारावर जे काका उभे असतात, ते ह्या महिनाअखेर निवृत्त होतायत. दारावरच्या माणसाला पितळी बटणांचा किरमिजी कोट मिळतो. पण कोटाचं काय घेऊन बसलात, त्याला ट्रे उचलावे लागत नाहीत! बाबांचे गुडघे आता जिना चढताना ऐकू येतात. मॅनेजरच्या मनात दोघं आहेत : बाबा, आणि बाबांहून बराच तरुण असा एक — त्याला सगळे लांब्या म्हणतात.

निवड कशावरून, तर फळ्यावरून. स्वयंपाकघरात फळा आहे. कुठल्याही टेबलावरून प्लेट परत आली, की त्या वेटरच्या नावापुढे खडूची रेघ. मीठ जास्त झालेलं असो, केस निघालेला असो, गिऱ्हाईक बायकोशी भांडून आलेलं असो — रेघ वेटरलाच! बाबांच्या नावापुढे ह्या महिन्यात एकही नाही.

म्हणून मी प्लेट परत पाठवू शकत नाही. कुठल्याच हॉटेलात नाही. हे मला समजतं.

पण आधी विचारायला काय हरकत आहे? विचारण्याची रेघ पडत नाही. तरी जीभ उचलत नाही. विचारलं, की आज ना उद्या कुठल्यातरी घरात कुणीतरी मान तिरकी करून माझी नक्कल करणार. आणि त्यांची मुलगी खळखळून हसणार.

१३ मार्च, गुरुवार

हिशेबनीसांची पाळी. त्यांनी निवडलेल्या हॉटेलात दारातच मोठी शेगडी, आणि तिच्यावर जे काही होतं ते सगळं कधीतरी चालत होतं.

आज साहेबांनी माझ्या वतीने विचारलं. मोठ्याने. पलीकडची दोन टेबलं वळून बघायला लागली.

“हिच्यासाठी शाकाहारी काय आहे?”

“मासे आहेत, साहेब. अगदी ताजे.”

“मासे चालत नाहीत तिला.”

“मग कोंबडी? एकदम कोवळी आहे.”

मी पटकन म्हटलं, “सॅलड आणा.” सॅलड आलं. पानांखाली मांसाचे बारीक, गुलाबी तुकडे. मी पानं उचलून बघत होते, तसे हिशेबनीस म्हणाले, “बाजूला काढ ना. त्याने काय जीव जाणारे का?”

“गेलाय ना,” मी म्हटलं. कुणाला कळलंच नाही.

मग नेहमीची प्रश्नपत्रिका. झरझर — “पण झाडांना जीव नसतो का गं, मी कुठेतरी वाचलं, त्यांना कळतं म्हणे, आपण तोडतो ते!” हिशेबनीस — “समज, तू निर्जन बेटावर अडकलीस. आणि तिथे फक्त एक बोकड आहे. मग?”

“तो बोकड काय खाऊन जगतोय ते बघेन. तेच मीही खाईन.”

ह्याला मात्र सगळे हसले. साहेबांनी तर टेबलावर थाप मारली. मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं — मी जेवायला आले होते आणि करमणूक करून परत निघाले आहे. उपाशी!

१४ मार्च, शुक्रवार

आज डबा नेला. बटाटे. स्वतःचे, ओळखीचे, निरुपद्रवी बटाटे.

१५ मार्च, शनिवार

आई डबा विसरून गेली होती, म्हणून तिच्या लाँड्रीत द्यायला गेले. वाफेने काचा धुरकट झालेल्या. आई इस्त्रीच्या टेबलाशी, समोर पांढऱ्या नॅपकिनांचा ढीग. बाबांच्या हॉटेलचे नॅपकिन आणि टेबलक्लॉथ वर्षानुवर्षं आईच्या लाँड्रीत येतात. धुवून आल्यावरही काही डाग राहतात, आणि आई त्यावरून सांगते — “हे बीट. काल बिटाचं काहीतरी होतं बघ. आणि हा हिरवा? मटार. कुणीतरी पोराला भरवलेलं दिसतंय, केवढं सांडलंय!”

“आई, तू कधी बसलीस त्या टेबलाला?”

“मी? घरच्यांना मनाई आहे ना! नोकरांच्या घरच्यांनी गिऱ्हाईक म्हणून यायचं नाही. तुझे बाबा लागले तेव्हापासूनचा नियम.”

“आणि मनाई नसती तर?”

आईने इस्त्री उभी केली. “तर बसले असते. पण नॅपकिनला तोंड पुसायची हिंमत झाली नसती बाई. ते डाग काढताना काय हाल होतात, ते मला माहीत आहेत.”

१८ मार्च, मंगळवार

ह्या गुरुवारी साहेबांची पाळी. आज त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि वर माझ्याकडे बघून हसले. “तुझ्यासाठी मुद्दाम निवडलंय हं. नदीकाठचं ते मोठं हॉटेल. तिथलं मशरूमचं सूप काय असतं! तुला एकदम चालेल. दर वेळी तू नुसता पाव खातेस, मला बरं वाटत नाही.”

ते मनापासून बोलत होते. हीच तर पंचाईत! वाईट माणसावर रागावता येतं.

बाबांचं हॉटेल. सगळ्या शहरात नेमकं बाबांचंच!

१९ मार्च, बुधवार

सकाळी बाबांना सांगितलं. ते बुटांना पॉलिश करत होते, करतच राहिले.

“किती जण?”

“सहा.”

“सहाचं टेबल माझ्याच भागात येतं.” मग जरा वेळाने, “ओळख दाखवू नकोस, बाळ. मी पण नाही दाखवणार. एरवी मॅनेजरने कानाडोळा केला असता, पण ह्या महिन्यात नको.”

“मी आजारी पडू का?”

“कशाला? ये. जेव. मी बघतो ना.”

ऑफिसात कुणाला माहीत नाही की बाबा तिथे आहेत. मी लपवलेलं नाही. ‘बाबा हॉटेलात आहेत’ असं सांगितलं होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही पुढे बोलले नाही. ते ऐकून झरझरला बाबा मॅनेजर वाटले होते. ती तसं म्हणाली तेव्हा मी दुरुस्ती केली नाही.

उद्या ओळख दाखवायची नाही, हे ऐकून मला थोडं सुटल्यासारखं वाटलं का? वाटलं. लिहून ठेवते.

२० मार्च, गुरुवार

सगळं नीट क्रमाने लिहायचं ठरवलं आहे, नाहीतर मी स्वतःचीच बाजू घेत बसेन.

टेबल खिडकीशी होतं. पांढरा टेबलक्लॉथ — आईच्या इस्त्रीच्या घड्या मला ओळखू आल्या. बाबा आले. मी त्यांना पांढऱ्या शर्टात रोज निघताना बघते, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ताठ. आवाज पण वेगळा, मऊ, कुणाचाच नसलेला. सगळ्यांना मेनूकार्ड दिलं. मला देताना म्हणाले, “मॅडम.”

ऑर्डर घेत घेत माझ्यापाशी आले. मी कार्डावरून नजर न काढता म्हटलं, “मशरूमचं सूप. आणि पाव.”

“आणखी काही, मॅडम?”

“नाही.”

ते उभेच. “आणखी काही?”

मी मान हलवली. मला वाटलं, बाबा घाबरलेत. माझ्यामुळे त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. मनात म्हणत होते, जा ना बाबा, मॅनेजर बघतोय!

साहेब म्हणाले, “नाही म्हणाली ना ती,” आणि बाबा गेले.

जेवण आलं. माझ्यापुढे टोमॅटोचं सूप!

बाबांची चूक झाली, मला दुसरं काही सुचलंच नाही. इतक्या वर्षांत कधी झाली नसेल, आणि आज झाली, माझ्या टेबलावर. कुणी बघायच्या आत संपवून टाकावं म्हणून मी घाईघाईने चमचा उचलला. पण साहेबांनी पाहिलंच.

“हे काय? हिने मशरूमचं सांगितलं होतं.”

“साहेब, आजचं टोमॅटोचं फार चांगलं झालंय. मॅडमना हे जास्त—”

“मॅडमना काय हवं ते मॅडम सांगतील. ते तुम्ही कोण ठरवणार?”

“मला चालेल हे,” मी म्हटलं. “खरंच चालेल.”

“चालेल काय चालेल!” साहेब आता माझ्यावरच घसरले. “दिवसभर लोकांना फोनवर हक्क शिकवतेस आणि इथे मूग गिळून बसतेस? बोल ना! बरं, नको बोलूस, मी बोलतो. परत न्या हे. जे सांगितलंय ते आणा.”

दाराशी उभ्या मॅनेजरची मान वळली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. अगदी एकदाच. मी टेबलक्लॉथची घडी बघत होते.

“माफ करा, साहेब. माफ करा, मॅडम.” बाबा प्लेट घेऊन गेले.

रेघ.

मग मशरूमचं सूप आलं. बाबांनी बाऊल ठेवला, पण हात लगेच काढला नाही. मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय. मी डोळ्यांनी हसले, म्हणजे त्यांना कळावं — काही बिघडलं नाही, बाबा. आणि मग मी ते सूप सगळं प्यायले. तळाला पाव फिरवून बाऊल पुसून घेतला. बाबा खांबापाशी उभे राहून बघत होते. त्यांनी बघावं म्हणूनच मी खात होते.

“कसं आहे?” साहेबांनी विचारलं.

“अप्रतिम!” मी मोठ्याने म्हटलं, खांबापर्यंत पोचेल असं. खोटं नव्हतं. किती दिवसांनी हॉटेलात पोटभर जेवले. हिशेबनीस म्हणाले, “बघ, नुसतं बोलायची खोटी होती.”

बाबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी बाबा पॉलिश करत होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, “बाबा, सूप खरंच छान होतं.”

ब्रश थांबला.

“असणारच. रात्रभर हाडं उकळतात त्यासाठी.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मोरीपाशी धावले. काही आलं नाही. काल दुपारचं आज सकाळी काय येणार? ते आता माझंच झालंय.

“म्हणून तर टोमॅटोचं आणलं होतं,” बाबा मागून म्हणाले. “त्यात नुसता टोमॅटो असतो.”

मग मी ओरडले. बाबांवर मी कधी ओरडत नाही. “तुम्ही सांगायचं होतं!”

“कसं सांगू? गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय पदार्थात काय आहे ते बोलायचं नाही, असा नियम आहे. तू विचारलं असतंस तर आत जाऊन आलो असतो, आणि सांगितलं असतं, ‘मॅडम, हाडं आहेत.’ एका वाक्याचं काम. त्यासाठीच तर थांबलो.”

“कधी थांबलात?”

“‘आणखी काही’ म्हणून उभा नव्हतो का? दोनदा! ते उगाच थांबणं वाटलं तुला?”

“मला वाटलं, तुम्हाला त्रास नको.”

“आणि मला वाटलं, तुला कळेल.”

“नियमाचं मला सांगू नका! मी दिवसभर नियमच सांगते! बाऊल ठेवलात तेव्हा तरी बोलायचं होतं. एक शब्द! माझ्या पोटात गेलं ते, बाबा!”

बुटाच्या टोकावर ब्रश एकाच जागी फिरत राहिला. मग म्हणाले, “हो. बोलायला हवं होतं.” हे ते म्हणाले आणि माझा राग उभ्या जागी कुठेतरी गेला. मागे नुसती चरफड राहिली. कुणावर काढायची?

“आणि तुम्ही त्या गवतवालीच्या नकला करता,” मी म्हटलं. “म्हणून विचारवत नाही मला. कुठेच.”

त्यांनी मान वर केली. खरंच चकित झालेले दिसले. “अगं, ती बाई दर महिन्याला येते. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर बसतच नाही. मी आत जाऊन विचारून येतो म्हणून! चांगली आहे ती. नकला तर मी मॅनेजरच्याही करतो.”

चहा उतू गेला.

२२ मार्च, शनिवार

आई एवढंच म्हणाली, “दोघांनी एकमेकांना सांभाळायला जाऊन काय मिळवलंत?” आणि माझ्यापुढे भाजी वाढली. न विचारता, भरपूर.

२४ मार्च, सोमवार

साहेबांच्या खोलीत गेले. दार लावलं. म्हटलं, “गुरुवारचे वेटर माझे बाबा आहेत. त्यांनी आणलेलं सूप बरोबर होतं. तुम्ही परत पाठवलेलं.”

साहेब लाल झाले. आधी म्हणाले, “मग बोलली का नाहीस?” — हा प्रश्न आता मला तोंडपाठ झालाय. मग चष्मा काढून पुसत बसले. मग, “मी त्यांना ‘तुम्ही कोण ठरवणार’ म्हणालो, नाही का?”

“हो.”

“मी हॉटेलला फोन करतो. मॅनेजरला सांगतो, चूक माझी होती.”

मी म्हटलं, आधी बाबांना विचारते. ह्या वेळी विचारते!

संध्याकाळी बाबा म्हणाले, “नको. गिऱ्हाइकाने फोन करून वेटरची बाजू घेतली, की मॅनेजरचा पहिला प्रश्न — ओळख कशी? मग घरचं माणूस जेवून गेलं हेही निघेल. एक रेघ पुरे.”

म्हणजे खरं बोलायची वाटसुद्धा त्याच नियमाने बंद. दिवसभर मी लोकांना सांगते, तक्रार करा, न्याय मिळेल. आज एकाही फोनवर आवाज नीट लागला नाही.

२७ मार्च, गुरुवार

टायपिस्टबाईंची पाळी. साधंसं हॉटेल, बटाटे आणि मटार होते.

विचारलं! “ह्यात मांस आहे का?” साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. वेटर आत गेला, परत आला. “वरच्या ग्रेव्हीत आहे, मॅडम. ग्रेव्हीशिवाय आणू?”

“आणा.”

चार शब्द, आणि आकाश कोसळलं नाही. पुढ्यात मात्र पुन्हा बटाटेच. कोरडे! मेनूकार्डाच्या दोन पानांत माझ्यासाठी एक ओळ, तीही अर्धी खोडून! राग येतोच. पण निदान काय खातेय ते माहीत होतं.

२८ मार्च, शुक्रवार

कोट लांब्याला मिळाला.

बाबा बूट काढता काढता म्हणाले, “त्याला आखूड होतो. मनगटं बाहेर येतात.” कुणी हसलं नाही.

“एका रेघेने?” आईने विचारलं.

“त्याची एकही नव्हती.”

मग उठून बाबांनी स्वतःच पाणी घेतलं. गुडघे ऐकू आले. ती रेघ साहेबांच्या आवाजाची नाही, माझ्या गप्प बसण्याची आहे. आणि वर सूप प्यायले ते वेगळंच. एवढं गप्प राहून मी ना त्यांना वाचवलं, ना स्वतःला.

५ एप्रिल, शनिवार

आईला अर्धा दिवस रजा काढायला लावली आणि नदीकाठच्या हॉटेलात घेऊन गेले. बाबांना काल विचारलं होतं. म्हणाले, “या. कोट तर गेला. बोलला मॅनेजर, तर मीही बोलेन.”

लांब्याने दार उघडलं. खिडकीजवळचं टेबल. आईने नॅपकिन उलगडला, उजेडात धरून पाहिला, मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात दाबून बसली.

बाबा आले. पाणी ओतलं. ऑर्डर घेतली. मॅनेजर खांबापाशीच होता.

“आणखी काही, मॅडम?” बाबा थांबले.

सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, “हो. बाबा, ह्या मशरूमच्या सुपात हाडं आहेत का?”